स्पीड टेस्ट ९६ दाखवतंय, मग क्लास का अडकतो?

लातूरला नीटच्या तयारीसाठी राहणाऱ्या एखाद्या मुलाला रात्री नऊ वाजता विचारा, नेट कसं आहे? तो मोबाइल पुढे करील. स्पीड टेस्टचा काटा ९६ वर. त्याच वेळी शेजारच्या लॅपटॉपवर सरांचा चेहरा तोंड उघडं ठेवून थिजलेला. फायबरवाल्याला फोन लावला तर तो म्हणणार, "आमच्याकडून ओके आहे दादा, स्पीड तर पूर्ण येतोय." खोटं कुणीच बोलत नाही.

'नेट चालंना' या एका तक्रारीच्या पोटात तीन वेगळे प्रश्न असतात. बाहेरच्या जगातून आपल्यापर्यंत पोचायला पत्ता आहे का? त्या पत्त्यापर्यंतची वाट कुठून जाते? आणि त्या वाटेवरची वाहतूक कशी चालते? आपण यातल्या तिसऱ्या प्रश्नाचा एक तुकडा मोजतो आणि सगळं भांडण त्याच आकड्यावर करतो.

पत्त्यापासून सुरुवात करू.

जालन्याकडच्या मोसंबीच्या बागांत विहिरीवरची मोटार आणि केबल सांभाळायला आता कॅमेरे बसू लागले आहेत. समजा, शेतातल्या खोलीत फायबरचं कनेक्शन आहे आणि कॅमेऱ्याचा डीव्हीआर, म्हणजे चित्रण साठवणारी पेटी, तिथल्या राउटरला जोडलाय. खोलीत बसून १९२.१६८.१.२० हा पत्ता टाकला की चित्र लख्ख दिसतं. मालक घरी येऊन तोच पत्ता टाकतो आणि पडदा कोरा. कारण १९२.१६८ ने सुरू होणारे पत्ते फक्त घरातल्या घरात वापरायचे असतात. तुमच्या घरी जो १९२.१६८.१.२० आहे तोच शेजाऱ्याकडे आहे, माझ्याकडेही आहे. १० ने सुरू होणारे पत्तेही तसेच. बाहेर त्यांना कुणी ओळखत नाही.

बाहेरचा खरा पत्ता राउटरला मिळायला हवा. पण तिथेही हल्ली मेख असते. जुन्या पद्धतीचा आयपी पत्ता, ज्याला आयपीव्ही४ म्हणतात, ३२ बिटांचा आहे. म्हणजे जगभरात मिळून ४२९ कोटी पत्ते. सत्तरच्या दशकाच्या शेवटी हे ठरलं तेव्हा ते अफाट वाटलं असणार. ३ फेब्रुवारी २०११ ला जागतिक साठ्यातले शेवटचे मोठे गट पाच खंडवार संस्थांना वाटून कोठार रिकामं झालं. आपल्या वाट्याची संस्था एपीनिक, ऑस्ट्रेलियातल्या ब्रिस्बेनची. तिच्याकडचा साठाही त्याच वर्षी एप्रिलमध्ये शेवटच्या टप्प्यात गेला आणि रेशनिंग सुरू झालं. भारतात हे वाटप आयआरआयएनएन करते. ती निक्सी या संस्थेचा भाग आहे, जिचं मूळ काम पुढे येईलच.

आता परभणीत कुणी जुना केबलवाला सी कॅटेगरीचा परवाना काढून स्वतःची इंटरनेट कंपनी काढतो असं धरा. नव्या सभासदाला मिळणारे आयपीव्ही४ पत्ते जास्तीत जास्त ५१२. ग्राहक तीन हजार. जास्तीचे पत्ते बाजारात डॉलर मोजून विकत घ्यावे लागतात. मग तो एका पत्त्यामागे अनेक घरं बसवतो. याला सीजीनॅट म्हणतात. तुमच्या राउटरला तो मधलाच एक पत्ता देतो, बहुधा १००.६४ ते १००.१२७ या पट्ट्यातला. हा पट्टा २०१२ मध्ये खास याच कामासाठी राखून ठेवला गेला.

हे तपासायला मिनिटही लागत नाही. राउटरच्या पानावर 'वॅन' (बाहेरची जोडणी) खाली दिसणारा पत्ता पाहा आणि 'माझा आयपी काय' असं ब्राउझरला विचारून मिळणारा पत्ता पाहा. दोन्ही वेगळे निघाले तर तुम्ही सीजीनॅटमागे आहात, आणि बाहेरून थेट तुमच्या डीव्हीआरपर्यंत येणं शक्य नाही. पोर्ट फॉरवर्डिंगच्या, म्हणजे बाहेरून येणाऱ्याला आतल्या यंत्राकडे वळवण्याच्या, नावाखाली राउटरशी रात्रभर झटापट करून उपयोग नाही, कारण अडवणूक तुमच्या राउटरमध्ये नाहीच. उपाय दोन. इंटरनेट कंपनीकडून जादा पैसे भरून स्टॅटिक आयपी, म्हणजे फक्त तुमचा असा बाहेरचा पक्का पत्ता, घ्या, किंवा कॅमेरा कंपनीच्या क्लाउडवरून चालणारा कॅमेरा घ्या. असा कॅमेरा स्वतःच बाहेर जाऊन सर्व्हरशी जोडणी धरून ठेवतो, त्यामुळे त्याला पत्त्याची गरज उरत नाही.

सीजीनॅटचा दुसरा जाच लोकांच्या लक्षात येत नाही. एखादी वेबसाइट सारखी 'तुम्ही रोबोट नाही ना?' विचारत ट्रॅफिक सिग्नलची चित्रं ओळखायला लावते, तेव्हा दोष बहुतेक वेळा तुमचा नसतो. तुमच्याच पत्त्यामागे बसलेल्या दुसऱ्या कुणाचा तरी संगणक उपद्व्याप करत असतो आणि वेबसाइटला तुम्ही सगळे एकच दिसता.

खरा तोडगा आयपीव्ही६. १२८ बिटांचा पत्ता. संख्या लिहायची तर ३४ वर ३७ शून्यं. यात भारत पुढे आहे, आणि त्याचं श्रेय बरंचसं मोबाइलला. २०१६ मध्ये जिओ सुरू झालं ते आयपीव्ही६ गृहीत धरूनच, आणि आज देशातले दहातले सुमारे सात वापरकर्ते आयपीव्ही६ वर पोचतात. बीडच्या एखाद्या तांड्यावरचा मोबाइल या बाबतीत शहरातल्या ऑफिसच्या जुनाट राउटरपेक्षा पुढे असतो. छोट्या फायबरवाल्यांनी मात्र हे काम रेंगाळत ठेवलंय. पत्ते मुबलक मिळतात, तरी 'ग्राहक मागत नाही' हे कारण पुढे केलं जातं. ग्राहक कधीच मागणार नाही. त्याला कॅमेरा दिसायला हवा असतो, एवढंच.

वाट

नांदेडहून हैदराबाद पावणेतीनशे-तीनशे किलोमीटर, मुंबई साडेपाचशेच्या वर. म्हणून नांदेडचा डेटा हैदराबादेला जात असेल असं वाटतं. जाईलच असं नाही. तुमच्या कंपनीने बँडविड्थ, म्हणजे पुढच्या जगाशी जोडणारी लाइन, मुंबईत घेतली असेल तर तो मुंबईला जाणार. एवढंच काय, एकाच गल्लीत समोरासमोर दोन घरं, एकाकडे या कंपनीचं फायबर, दुसऱ्याकडे त्या कंपनीचं, तर एका घरातून दुसऱ्या घरात जाणारी फाइल मुंबई गाठून परत येऊ शकते. कारण त्या दोन कंपन्यांची जाळी तिथेच एकमेकांना भेटतात. एके काळी हा वळसा याहून मोठा होता. भारतातल्या भारतातला डेटा परदेशात जाऊन परत यायचा आणि त्याचे डॉलर मोजावे लागायचे. तो इथल्या इथे अदलाबदल व्हावा म्हणून २००३ मध्ये निक्सी स्थापन झाली.

वाट ठरवणाऱ्या व्यवस्थेचं नाव बीजीपी. जगात पाऊण लाखाच्या आसपास स्वतंत्र जाळी आहेत: टेलिकॉम कंपन्या, विद्यापीठं, बँका, गूगलसारखे दांडगे. प्रत्येकाला एक क्रमांक असतो. बीएसएनएलचा ९८२९, गूगलचा १५१६९. प्रत्येक जाळं शेजारच्या जाळ्याला सांगतं, 'अमुक पत्ते माझ्याकडून गाठता येतील.' शेजारी ते पुढच्याला सांगतो. अशा सांगोवांगीतून जवळपास दहा लाख मार्गांची यादी तयार होते आणि ती सतत बदलत राहते. १९८९ मध्ये याकोव रेख्टर आणि कर्क लॉहीड यांनी जेवणाच्या टेबलावर कागदी रुमालांवर या पद्धतीचा पहिला आराखडा काढला. तात्पुरती सोय म्हणून आलेली ही पद्धत सुधारणा होत होत आजही चालू आहे.

बीजीपीला किलोमीटर कळत नाहीत. वाट निवडताना आधी पैसा पाहिला जातो. ग्राहकाकडून जाणारी वाट सगळ्यात चांगली, कारण तिथे पैसे मिळतात. बरोबरीच्या जाळ्याकडून जाणारी मधली, कारण तिथे हिशोब फिट्टमफाट. ज्याला पैसे द्यावे लागतात ती शेवटची. म्हणून नकाशावर वेडगळ दिसणारी वाट कंपनीच्या हिशोबात शहाणी असू शकते.

आणि ही सगळी यंत्रणा मुळात विश्वासावर उभी आहे. २४ फेब्रुवारी २००८ ला पाकिस्तान टेलिकॉमला आपल्या देशात यूट्यूब बंद करायचं होतं. त्यांनी यूट्यूबच्या पत्त्यांची खोटी वाट आतल्या आत जाहीर केली. ती चुकून बाहेर पडली आणि हाँगकाँगच्या कंपनीने न तपासता जगाला सांगितली. यूट्यूब स्वतः १,०२४ पत्त्यांचा गट जाहीर करत होतं, पाकिस्तानच्या घोषणेत त्यातलेच २५६ होते. राउटरचा नियम असा की जास्त नेमकी घोषणा जिंकते. सुमारे दोन तास जगभरातून यूट्यूबकडे निघालेली वाहतूक इस्लामाबादच्या दिशेने जाऊन नाहीशी होत राहिली. अशा प्रकारांवर उतारा म्हणून आता आरपीकेआय आहे. पत्त्यांचा मालक सहीनिशी नोंदवतो की हे पत्ते जाहीर करायचा हक्क फक्त या क्रमांकाच्या जाळ्याला आहे. सही जुळली नाही तर घोषणा फेकून द्यायची. पण ती तपासायची की नाही, हे प्रत्येक जाळ्याच्या मर्जीवर.

उलटाही प्रकार घडतो. ४ ऑक्टोबर २०२१ ची रात्र आठवत असेल. नऊच्या सुमारास व्हॉट्सअ‍ॅप, फेसबुक, इन्स्टाग्राम एकदम बंद पडले आणि सहाएक तास परतले नाहीत. कित्येकांनी आपापले राउटर बंद-चालू करून पाहिले. फेसबुकच्या जाळ्यात देखभालीचं काम चालू असताना एका आदेशाने त्यांची आतली जोडणी तुटली आणि वेबसाइटच्या नावावरून पत्ता सांगणाऱ्या त्यांच्या डीएनएस सर्व्हरच्या वाटा जगाच्या यादीतून निघून गेल्या. सर्व्हर शाबूत होते, तिथे जायची वाट कुणालाच ठाऊक नव्हती.

मोजणं

आता लातूरच्या त्या मुलाकडे येऊ. एप्रिल २०१६ मध्ये लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी आलं. पहिल्या खेपेला दहा वाघिणी, पाच लाख लिटर. साडेतीनशेच्या आसपास किलोमीटर तोडून गाडी पहाटे पोचली. पुढे पन्नास वाघिणींच्या खेपा सुरू झाल्या. पाणी पाचपट झालं, पण म्हणून गाडी मिरजेहून पाचपट लवकर आली नाही. एका खेपेत किती पाणी, ती बँडविड्थ. मिरजेला शिट्टी झाल्यापासून लातूरला नळी जोडेपर्यंतचा वेळ, तो लेटन्सी. स्पीड टेस्टचा मोठा आकडा वाघिणी मोजतो. सिनेमा उतरवायला वाघिणी हव्यात. सरांना प्रश्न विचारायला, गेम खेळायला, व्हिडिओ कॉलवर बोलायला वेळ महत्त्वाचा.

वाघिणींच्या आकड्यातही एक गोम असते. जाहिरातीतले १०० म्हणजे मेगाबिट. फाइल मेगाबाइटमध्ये मोजतात आणि एका बाइटमध्ये आठ बिट. तेव्हा १०० च्या प्लॅनवर सेकंदाला साडेबारा मेगाबाइटपेक्षा जास्त उतरणार नाही. ही फसवणूक नाही. शिवाय टेस्टचा सर्व्हर पुष्कळदा तुमच्याच कंपनीच्या जाळ्यात किंवा अगदी जवळ असतो. म्हणजे मोजलं जातं घर ते कंपनी. क्लासचा सर्व्हर त्याच्या पलीकडे कुठेतरी असतो आणि त्या पुढच्या वाटेबद्दल हा आकडा काही बोलत नाही.

वेळ मोजायचं हत्यार पिंग. माइक म्यूस या अमेरिकी संशोधकाने डिसेंबर १९८३ मध्ये ते लिहिलं. काम एवढंच: एक छोटं पाकीट, म्हणजे डेटाचा तुकडा, पाठवायचं आणि उत्तर किती मिलिसेकंदांत आलं ते सांगायचं. आकडा बरा की वाईट हे कळायला एक आडाखा ठेवा. काचेच्या तंतूत प्रकाश सेकंदाला सुमारे दोन लाख किलोमीटर जातो. म्हणजे जाऊन-येऊन दर १०० किलोमीटरला १ मिलिसेकंद. लातूर ते मुंबई जवळपास पाचशे धरलं तर ५ मिलिसेकंदांच्या खाली कुणीही जाऊ शकत नाही, कितीही पैसे भरा. केबल वळसे घेते, मध्ये राउटर येतात, म्हणून १२ ते २० आलं तर उत्तम. ४० चालेल. १५० आलं तर एकतर वाट भलतीकडून जातेय किंवा मध्ये कुठेतरी रांग लागलीय.

कुठे, ते टप्प्याटप्प्याने शोधता येतं. आधी स्वतःच्या राउटरला पिंग करा, बहुधा १९२.१६८.१.१. वायफायवर १ ते ५ मिलिसेकंद यायला हवेत. इथेच आकडे ३, ४, ९०, ७, २१० असे उड्या मारत असतील तर फायबरवाल्याला फोन करू नका. दोष घरात आहे. मराठवाड्यातली जुनी घरं जाड दगडी भिंतींची आणि नव्या खोल्यांवर पत्रे. दगड वायफाय शोषतो, पत्रा परतवून लावतो. राउटर दाराजवळच्या कोनाड्यात आणि अभ्यास माळवदाखालच्या आतल्या खोलीत असेल तर प्लॅन वाढवून काही होणार नाही. तार ओढा. वीस मीटर लॅन केबल महिन्याच्या रिचार्जपेक्षा महाग नाही.

राउटरपर्यंत ठीक असेल तर ८.८.८.८ ला पिंग करा. हा गूगलचा पत्ता, जवळच्या केंद्रातून उत्तर देतो. आणि आता मुख्य प्रयोग: पिंग चालू ठेवून दुसऱ्या मोबाइलवरून मोठा व्हिडिओ अपलोड करा. १५ वर स्थिर असलेला आकडा ४००-५०० वर चढला तर क्लास अडकण्याचं गूढ उकललं.

घडतं असं. घरातल्या कुणाच्या तरी मोबाइलमध्ये लग्नाचे व्हिडिओ आहेत आणि रात्री वायफाय मिळताच त्यांचा बॅकअप सुरू होतो. ५०० मेगाबाइटचा व्हिडिओ १० मेगाबिटच्या अपलोडवरून जायला जवळपास सात मिनिटं लागतात. तेवढा वेळ राउटर पाकिटं फेकून न देता स्मरणात साठवत राहतो. मेमरी स्वस्त झाली म्हणून कंपन्यांनी साठा मोठा ठेवला, हेतू चांगलाच होता. पण त्या रांगेच्या शेवटी क्लासमधल्या आवाजाचं चिमुकलं पाकीटही अडकतं आणि अर्ध्या सेकंदाने निघतं. स्पीड पूर्ण, तरी सर थिजलेले. याला बफरब्लोट म्हणतात.

रांगेचा हा रोग जुना आहे. ऑक्टोबर १९८६ मध्ये कॅलिफोर्नियात लॉरेन्स बर्कली प्रयोगशाळा आणि बर्कली विद्यापीठ या जेमतेम ४०० यार्डांवरच्या दोन ठिकाणांतला वेग सेकंदाला ३२ हजार बिटांवरून ४० बिटांवर कोसळला. सगळे संगणक हरवलेलं पाकीट पुन्हा पुन्हा पाठवत होते आणि गर्दी वाढवत होते. व्हॅन जेकबसन यांनी १९८८ मध्ये त्यावर मार्ग मांडला: पाकीट हरवलं की वेग निम्मा करायचा, मग हळूहळू वाढवायचा. म्हणजे संगणकाला सावध करणारी खूण पाकीट हरवणं हीच आहे. राउटर काहीच हरवू देत नसेल तर ती खूण उशिरा मिळते. त्याच जेकबसन यांनी कॅथलीन निकोल्स यांच्यासह २०१२ मध्ये कोडेल नावाची युक्ती दिली: पाकीट रांगेत फार वेळ थांबलं तर ते मुद्दाम टाकून द्यायचं. तुमच्या राउटरमध्ये रांग आवरणारा एसक्यूएम किंवा क्यूओएस असा पर्याय असेल तर तो चालू करून अपलोडची मर्यादा प्रत्यक्ष वेगाच्या ८५-९० टक्क्यांवर ठेवा. नसेल तर बॅकअप रात्री अकरानंतर लावा. फुकटचा उपाय आहे, पण घरात सगळ्यांना पटवणं अवघड.

ट्रेसराउट हे दुसरं हत्यार, तेही जेकबसन यांचंच. वाटेतला एकेक राउटर आणि तिथवरचा वेळ दाखवतं. त्याचे स्क्रीनशॉट चुकीच्या अर्थाने पाठवले जातात. मधल्या एखाद्या ओळीत तीन तारे किंवा ३०० मिलिसेकंद दिसले की 'इथे अडलंय' असं लोक ठरवतात. मोठे राउटर पाकिटं पुढे ढकलण्यात गुंतलेले असतात, चौकशीला उत्तर देणं त्यांच्या लेखी शेवटचं काम. पुढच्या ओळीत आकडा पुन्हा २० वर आला असेल तर तिथे काहीही अडलेलं नाही. एका ओळीपासून वाढलेला आकडा शेवटपर्यंत वाढलेलाच राहिला, तरच ती ओळ धरा. राउटरच्या नावात पुष्कळदा शहराची खूणही असते: बीओएम म्हणजे मुंबई, एचवायडी म्हणजे हैदराबाद. नांदेडवाल्यांना आपली वाट कुठून जाते ते इथे दिसेल.

एकदा मोजून काही कळत नाही. दुपारी तीनला आणि रात्री साडेनऊला, तेही चार-पाच दिवस मोजा. फरक फक्त रात्री पडत असेल तर सामाईक वाटेवर गर्दी आहे. जीपॉन पद्धतीच्या फायबरमध्ये एका तंतूवर सुमारे अडीच गिगाबिट येतात आणि ते ३२ किंवा ६४ घरांत वाटले जातात. ६४ घरं एकदम पूर्ण वेगाने उतरवू लागली तर प्रत्येकाला ४० मेगाबिटही मिळत नाहीत. सगळी घरं एकाच वेळी तसं करत नाहीत, या अंदाजावर हा धंदा चालतो आणि त्यात गैर काही नाही. गैर तेव्हा, जेव्हा ग्राहक दुप्पट होतात आणि मुंबईची बँडविड्थ तेवढीच राहते.

पाकिटंच गळत असतील, शंभरात चार-पाच, आणि तेही दिवसभर, तर प्रकरण वेगळं. तार वाकलीय, कनेक्टरमध्ये धूळ आहे, किंवा जेसीबीने तोडलेली केबल रस्त्याकडेला घाईत जोडलीय. राउटरच्या पानावर प्रकाशाची पातळी दिसते, डीबीएममध्ये. उणे १८, उणे २२ ठीक. उणे २७ च्या पुढे गेली की जोड पुन्हा करून घ्या.

म्हणून पुढच्या वेळी फायबरवाल्याला 'नेट चालंना' एवढंच न पाठवता असं लिहून पाहा: 'भाऊ, तारेवरून मोजलंय, वायफाय नाही. राउटरपर्यंत १. ८.८.८.८ ला दुपारी १६, रात्री साडेनऊला १८०, चार दिवस रोज. घरात दुसरं काही चालू नव्हतं. पाकीट गळत नाही, प्रकाश उणे २१. ट्रेसमध्ये तुमच्या दुसऱ्या टप्प्यापासून वाढतंय.' तार बघायला पोरगा पाठवण्याचं कारण यात उरत नाही. वरची लाइन रात्री भरतेय हे त्याला वाचताच कळतं. त्यानेही दाद दिली नाही, तर तक्रारीचा डॉकेट नंबर घेऊन हेच आकडे कंपनीच्या अपील प्राधिकाऱ्याकडे पाठवा. दूरसंचार नियामक ट्राय वैयक्तिक तक्रारी घेत नाही.